बीळ तिथे खोका

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. जंगल लोकशाहीवादी असल्यामुळे तो अधूनमधून निवडूनही येत असे. मी त्याच जंगलातलं गाढव. हे विनयाने म्हणत नाही. मतदार यादीत तसंच लिहिलंय.

राजाच्या कारखान्यात व्हिडिओ गेमचे खोके बनत. खोका महाग, झाकण पक्कं बंद आणि आत एकच खेळ: ससा पळतो, सिंह पकडतो. तो परवडायचा फक्त बिबट्यांना. आम्ही त्यांच्या खिडकीतून बघायचो आणि सिंह जिंकला की टाळ्या वाजवायचो. सगळ्यात जोरात ससे वाजवायचे.

सगुणा साळिंदरीण रेडिओ दुरुस्त करायची. तिने भंगारातल्या तारा आणि बांबूची पेटी घेऊन स्वतःचा खोका बनवला. कोणालाही परवडेल असा. झाकण मुद्दामच लावलं नाही. आतल्या तारांच्या जोडणीचा नकाशा वडावर टांगला.

"बघा, बनवा, बदला," ती म्हणाली. "बिघडलं तर मला दाखवा. सुधारलं तर आधी दाखवा."

सशांनी खेळच बदलला. नव्या खेळात ससा थांबून सिंहाला विचारतो, "कबूल केलेल्या पाणवठ्याचं काय झालं?" आणि सिंह पळत सुटतो. बघता बघता बिळाबिळातून हसू ऐकू यायला लागलं.

राजाने बंदी घातली नाही. बंदी मागासलेले राजे घालतात. त्याने समिती नेमली. अध्यक्ष प्रधान कोल्हा, आणि जनतेचा प्रतिनिधी म्हणून मी.

"खुला खोका म्हणजे नेमकं काय?" मी विचारलं. समितीत एखादा प्रश्न विचारावा लागतो.

"म्हणजे सगळ्यांचा," कोल्हा म्हणाला. "आणि सगळे कोणाचे?"

"महाराजांचे!"

उत्तर बरोबर आलं म्हणून मला चहा मिळाला.

मग जाहीर सभा झाली. "माझ्या लाडक्या भक्ष्यांनो!" राजा गरजला. "ज्या खोक्याचं स्वप्न माझ्या पणजोबांनी पाहिलं, तो आज मी तुम्हाला फुकट देतोय. बीळ तिथे खोका!"

मी बिळात राहत नाही, तरी पहिला खोका मलाच मिळाला. त्याला सुरक्षेसाठी झाकण होतं, झाकणावर राजाचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'खुला'. टीव्हीला जोडला. पडद्यावर राजाने नमस्कार केला. मी उलट नमस्कार केला. त्याने पुन्हा केला. खेळ छान होता.

सगुणा घरी आली. "गाढवभाऊ, उघडून बघू?"

"नको बाई, राजद्रोह होईल."

"मग हा खुला कसा?"

"असं काय करता? लिहिलंय की वर."

तिने एक काटा घालून झाकण उचकटलं. आत नमस्काराची एक चकती होती, बाकी सगळं गवत. "घ्या, हे तुमचं," ती म्हणाली. मी ते खाल्लं. पुरावा नष्ट केल्याबद्दल पुढे माझा सत्कार झाला.

सगुणावर खटला भरला: राष्ट्रीय खोक्याची नक्कल. साक्षीदार मी. "मूळ खोका कोणाचा?" न्यायाधीश घुबडाने विचारलं. सगुणा माझ्याकडे बघत होती. मला तिचंच नाव घ्यायचं होतं. तोंड उघडलं आणि नुसतं रेकणं बाहेर पडलं. घुबडाने ते सरकारच्या बाजूने नोंदवून घेतलं.

सुशोभीकरणासाठी वड तोडला. सगुणाला नदीपार हाकललं. जाताना ती रागावली नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला. "नकाशा सशांना पाठ आहे, भाऊ," एवढंच म्हणाली. एकेक करून ससेही गेले. तिकडे म्हणे अस्वलाने खोक्याला आवाज बसवलाय आणि रोज कोणीतरी नवा खेळ बनवतं. मलाही जायचंय, पण दर आठवड्याला समितीची बैठक असते.

इतक्यात निवडणूक आली. विरोधी पक्षातले लांडगे सकाळी राजाला शिव्या देत होते; दुपारी त्याच्या शेजारी बसून जेवत होते.

"विचारधारा बदलली का हो?" मी विचारलं.

"छे! विचारधारा तीच," मिशा पुसत एक लांडगा म्हणाला. "आम्हालाही खोके मिळाले."

त्यात गवत नव्हतं म्हणतात.