म्हाळसेचा हात

दरवर्षी ही गोष्ट माझ्याच गळ्यात पडते. गावात शिकलेली माणसं ढिगानं आहेत, माईक हातात आला की दोन दोन तास सोडत नाहीत, पण म्हाळसेचं सांगायची वेळ आली की सगळ्यांना म्हातारा आठवतो. यंदा तर शाळेतल्या बाईंनी वहीच आणून दिली. म्हणाल्या, आजोबा, लिहूनच द्या. मी चौथीतून पळालेला माणूस. लिहिलंय तसं वाचा. आणि पोरांनी मध्ये हसायचं नाही, हसण्यासारखं हिच्यात काही नाही.

फार वर्षांपूर्वी, किती ते विचारू नका, आपलं हिवरखोरं एक्कावन्न उंबऱ्यांचं होतं. तेव्हा पाणी टेकडीखालच्या बारवेत. उतरायला साठ पायऱ्या, आणि भरली घागर घेऊन चढताना त्या एकशेवीस वाटायच्या. उन्हाळ्यात एका खेपेत सकाळची दुपार व्हायची. म्हणून थेंब सांडला तरी सासू सुनेकडं बघायची. आणि म्हणूनच घराघरात, चुलीच्या बाजूच्या कोपऱ्यात, तीन दगडांवर रांजण असायचा. छातीएवढा उंच, दोन माणसांच्या कवेत न मावणारा.

त्या रांजणाचा एक नेम होता. पाणी मोडायचं नाही. म्हणजे वरून घ्यायचं, वरून भरायचं, पण रांजण कधी तळापर्यंत रिता करायचा नाही. तळाशी जे हातभर पाणी राहायचं त्याला म्हणायचे थोरलं पाणी. पणज्यानं भरलेलं, आज्यानं राखलेलं. घरात पोर जन्मलं की पाचव्या दिवशी त्याच्या ओठांना थोरलं पाणी. सून आली की उंबरठा ओलांडल्यावर पहिला घोट थोरल्या पाण्याचा. माणूस जायला लागला की शेवटचा घोटही त्याचाच. भाऊ वेगळे झाले तर शेताच्या आधी थोरलं पाणी वाटून घ्यायचे, आणि धाकटा आपला तांब्या पदराखाली लेकरू न्यावं तसा झाकून नव्या घरी न्यायचा. आपली गेलेली माणसं त्या पाण्यात आहेत, असं म्हणायचे. आणि मनापासून म्हणायचे. त्या माणसांना कुणी नावं ठेवू नयेत. ठेवायची तर मी ठेवीन.

हे सगळे रांजण करणारी बाई म्हणजे म्हाळसा कुंभारीण. चाकावर बाई बसत नाही, पण रांजण काही चाकावर होत नाही. तो खालून वर, मातीचे वळे एकावर एक चढवत, आतून गोटा आणि बाहेरून थापी मारत हातानंच उभा करावा लागतो. तिचा हात असा होता की टिचकी मारली तर रांजण देवळातल्या घंटेसारखा वाजायचा. असं म्हणतात की वळ्याचा जोड कुठं आहे ते ती सोडून कुणालाच सापडायचं नाही.

म्हाळसा लग्न होऊन आली तेव्हा तिलाही तो पहिला घोट मिळाला होता. तिला वास आला. तिनं तोंड वाकडं केलं तेव्हा सासू म्हणाली, थोरल्यांचा वास आहे तो, होईल सवय. झाली सवय.

आता गावाचं दुखणं सांगतो. दर पावसाळ्यात, श्रावण लागला की हगवण-वांती सुरू व्हायची, आणि भाद्रपद संपेपर्यंत घरटी एक तरी जायचं. जास्त करून लहान पोरं. देवीचा कोप म्हणून कोंबडी-बकरी कापायचे, आणि आजाऱ्याला ताकद यावी म्हणून थोरलं पाणी पाजायचे. म्हाळसेचे दोन मुलगे असे गेले. मग सून गेली, आणि नवरा त्याच पावसाळ्यात. मागं उरली एक नात. ती जगावी, देवाची नजर तिच्यावर पडू नये, म्हणून म्हाळसेनं तिचं नाव ठेवलं कचरी. केरात टाकल्यासारखं करून उचललीही होती. एवढं सगळं करून ती पाच वर्षांची झाली. आजीनं रांजण थापायला घेतला की ही आत उतरून आतला गोटा धरायची, आणि आतून ओरडून विचारायची, "आजे, हात दिसतो का माझा?" आजी वरून म्हणायची, दिसतो गं बाई, धर नीट.

एका वर्षी असं झालं, सटवाजी माळ्याच्या घरात मुसळ पडलं आणि रांजण फुटला. त्या घरानं सुतक पाळलं. म्हाळसेला नवा रांजण सांगितला, पण पाऊस सुरू झालेला, ओल्यात माती वाळेना, भट्टी लागेना. तोवर सटवाजीची माणसं मडक्यात रोजचं पाणी आणत, रोज संपवत, रात्रीचं उरलं तर परसात ओतून देत. त्या साली पन्नास घरांत रडारड झाली, आणि सटवाजीची पाच पोरं अंगणात धिंगाणा घालत होती.

गावानं म्हटलं, नशीब. म्हाळसा घरी आली, पदर खोचला आणि काठावरून आत वाकून आपल्या रांजणात खांद्यापर्यंत हात घातला. बोटं खाली पोचली, पण तळ लागेना. लागला तो गाळ, बुळबुळीत, शेवाळासारखा. हात वर काढला तर कोपरापर्यंत काळा, आणि त्याला तोच वास. थोरल्यांचा.

तिनं हात राखेनं घासला. कुणाला सांगणार, आणि सांगणार काय? की तुमच्या आज्यानं तुमचं पोर मारलं? तेव्हापासून ती कचरीला वेगळ्या मडक्यातलं पाणी द्यायची, रोजचं, चोरून.

पुढचा श्रावण धड पार पडला. भाद्रपदात कचरीला उलट्या सुरू झाल्या. कुणाच्या तरी घरी खेळता खेळता प्यायली असेल, पोरच ते. दुसऱ्या दिवशी डोळे आत गेले. गाव जमलं, आणि पाटलांची आई तुळसाक्का आली. तुळसाक्कांचा शब्द गावात कुणी मोडायचं नाही, आणि खरं सांगायचं तर बाई वाईट नव्हती. तिनं स्वतःची चार पुरली होती. तिनं पाहिलं की पोरीच्या उशाशी मडकं आहे आणि रांजणावरचं झाकण हललेलं नाही.

"म्हाळसे, पोरीला घरचं पाणी नाही दिलंस?"

म्हाळसा म्हणाली, नको वाटतं आक्का.

"नको कसं? तुझी सासू, तिची सासू, तुझे दोन्ही लेक, सगळे त्या पाण्यात हात पसरून उभे आहेत. त्यांच्या हातून काढून घेऊन पोरगी कुठं नेणार आहेस?"

म्हाळसेला माहीत होतं. वर्षभर तिला माहीत होतं. पण सगळं गाव दारात उभं होतं, आणि तिच्या मनात आलं, मी एकटी शहाणी आणि हे सगळे खुळे, असं कसं होईल? तुळसाक्कांनी लांब दांड्याचं ओगराळं तळापर्यंत घालून पाणी काढलं आणि वाटीत ओतलं. म्हाळसेनं वाटी उचलली, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या हातानं पाजलं. कचरीनं तोंड वाकडं केलं. आजी म्हणाली, होईल सवय.

तिन्हीसांजेला कचरी गेली.

तेरा दिवस म्हाळसा उजवा हात मांडीखाली दाबून बसली होती, असं म्हणतात. जेवलीही डाव्या हातानं.

मग दसरा आला. सीमोल्लंघनाला सगळं गाव बायापोरांसकट शिवेवर गेलं. म्हाळसेला सुतकाचं वर्ष, ती मागं राहिली. तिनं थापी घेतली आणि आधी स्वतःचा रांजण फोडला. पाणी भुईवर पसरलं. तळाच्या गाळात लाल आळ्या वळवळत होत्या, बेडकाची हाडं होती, सासूचं हरवलेलं जोडवं होतं आणि हिरव्या काचेचा एक तुकडा, कचरीच्या बांगडीचा. तिनं तुकडा पदरात बांधला आणि शेजारच्या घरात गेली. तेव्हा गावात कुलपं नव्हती. रांजण तिनंच केलेले, जोड कुठं आहे ते तिच्या हाताला पाठ. एकेक टोला, तेवढाच. असं म्हणतात की एक्कावन्नावा रांजण फुटला तेव्हा शिवेवरच्या माणसांच्या पायाखालची माती ओली झाली.

माणसं परत आली तर घराघरात चिखल. बाया ऊर बडवून रडल्या, जशी सगळी गेलेली माणसं पुन्हा एकदा गेली. पंच बसले. म्हाळसेनं लपवलं नाही. म्हणाली, मी फोडले, मीच करून देते. पण जोवर होत नाहीत तोवर रोज आणा, रोज संपवा, उरलं तर ओता. पंच म्हणाले, पाणी ओता म्हणते, वेड लागलंय हिला. तिला वाळीत टाकलं. विस्तव कुणी द्यायचा नाही, बारवेवर तिनं यायचं नाही, मातीच्या पाटीला कुणी हात लावायचा नाही. रांजण मात्र तिच्याकडूनच हवे होते. गाव असंच असतं.

मग ती एकटी माती खणायची, एकटी तुडवायची, आणि ओढ्यातल्या झऱ्याचं पाणी ओंजळीनं घागरीत भरून आणायची. आत गोटा धरायला कुणी नव्हतं. एक रांजण व्हायला दहा-बारा दिवस लागायचे. पहिली अखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली नि गेली, रांजण पुरे झाले नाहीत. पाऊस लागला. लोक शिव्या देत मडक्यानं पाणी आणत होते, रोज संपवत होते. श्रावण गेला. भाद्रपद आला. बाया देवीपुढं बसून वाट बघत होत्या की आता कुणाच्या घरून आरोळी उठते.

उठली नाही. त्या भाद्रपदात हिवरखोऱ्यात एक तिरडी बांधली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुळसाक्का काठी टेकत कुंभारवाड्यात आल्या. वाळीत टाकलेल्या बाईच्या दारात पाटलांची आई. त्या खाली मातीतच बसल्या.

"म्हाळसे, तुझ्या पोरीचं ते पाणी मी..."

म्हाळसा थापी मारत होती, ती थांबली नाही.

"काढलं तुम्ही, आक्का," ती म्हणाली. "पाजलं मी."

तुळसाक्कांनी पदर खोचला आणि रांजणात हात घालून आतला गोटा धरला. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज यायला लागल्या. पाटलांनी घरात आदळआपट केली, त्यांनी ऐकलं नाही. हे मात्र कुणी मोठ्यानं सांगत नाही, कारण पाटलांच्या घराला ते अजून लागतं.

दुसऱ्या अखितीच्या आधी एक्कावन्न रांजण उभे झाले. म्हाळसेनं आवा रचला, म्हणजे मडकी भाजायची भट्टी. पण एवढ्या भट्टीला शेणी आणि लाकूड आणायचं कुठून? दोघी म्हाताऱ्यांनी साठवलेलं सरपण एका दिवसाचं होतं. म्हाळसेनं आक्कांना घरी पाठवलं आणि विस्तव लावला. असं म्हणतात की तो आवा नऊ दिवस जळत होता. पहिला दिवस सरपणानं जळला. पुढचे आठ कशानं जळला ते विचारायला कुणी जवळ गेलं नाही. धग इतकी की बारवेचं पाणी कोमट झालं आणि कुंभारवाड्यातल्या लिंबाला दुसऱ्यांदा मोहोर आला.

अखितीच्या सकाळी आवा निवला. तुळसाक्कांनी पुढं होऊन राख बाजूला केली. एक्कावन्न रांजण, एकाला चीर नाही. म्हाळसा नव्हती. घरात नाही, ओढ्यावर नाही, शिवारात नाही. राखेत फक्त हिरव्या काचेचा एक मणी होता, वितळून गोल झालेला.

मग तुळसाक्कांनी पहिल्या रांजणात वाकून पाहिलं. तळाशी, आतल्या बाजूला, मातीत हात उमटला होता. उजवा हात, पाचही बोटं पसरलेली. दुसऱ्यात पाहिलं, तिथंही. एक्कावन्नांत एक्कावन्न. सहा-सात महिने रोज त्या रांजणांत हात घालणाऱ्या तुळसाक्कांनी शपथेवर सांगितलं की भाजायच्या आधी हा ठसा नव्हता.

ज्या हातानं पाजलं तोच हात तिनं तळाला ठेवला. पाणी भरलं की तो दिसत नाही. तो बघायचा तर रांजण तळापर्यंत रिता करावाच लागतो.

तेव्हापासून आपल्याकडं अखितीला पितरांच्या नावानं पाण्याचा करा भरतात, तो दुपारी. सकाळी आधी रांजणातलं पाणी मोडतात, तळापर्यंत. सगळं पाणी झाडांना घालतात. मग घरातलं सगळ्यात लहान पोर आत उतरवतात, चिंच-राख आणि काथ्या त्याच्या हातात देतात, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस काठावर वाकून विचारतं, "हात दिसला का?" दिसेपर्यंत घासायचं. दिसला की पोरानं आपला पंजा त्या पंज्यावर ठेवायचा आणि ओरडायचं, "दिसला!" असं म्हणतात की पोर केवढंही असो, ठसा बरोबर त्याच्या हाताएवढाच भरतो. मग रांजण दिवसभर उन्हात उपडा, आणि संध्याकाळी म्हातारं आणि पोर मिळून पहिली घागर ओततात. आजही कुंभार रांजण करतो तेव्हा तळाला पंजा दाबतो, आणि घरात कुणी दोन दिवसांचं पाणी प्यायला लागलं तर म्हातारी माणसं एवढंच विचारतात, हात दिसला का?

गावानं म्हाळसेची माफी तोंडानं कधी मागितली नाही. दरवर्षी रांजण घासून मागतं.

तोंडानं मागायची एक माफी अजून बाकी आहे, ती माझ्याकडं. गेल्या साली ग्रामसभेत एक जण उभा राहून म्हणाला की ही म्हाताऱ्याची थाप आहे, आणि आता रांजण कुठे राहिलेत, टाकीला कुठला आलाय हात. सगळे हसले. त्याच्या गच्चीवरची काळी टाकी चार वर्षं उघडली नव्हती. पावसाळ्यात त्याचा नातू काविळीनं पिवळा पडला, महिनाभर दवाखान्यात होता. पोर घरी आलं तेव्हा मी ह्या गुडघ्यांनी शिडी चढलो, त्या पोराला टाकीत उतरवलं, आणि दोघांनी मिळून तळ लागेपर्यंत घासली. खाली तो माणूस अंगणात उभा होता. मी वरून विचारलं, हात दिसला का. पोर आतून ओरडलं, दिसला. तो मान खाली घालून घरात निघून गेला, त्याला वर्ष होईल आता. त्याचं नाव केरबा नाना डोईफोडे.