गौर स्वयंपाकघरात

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी चैत्र असा काही थाटात आला, की सगळी पेठ बघत राहिली. जनार्दनपंत त्यांचं नाव. माणूस सरळ, श्रद्धाळू, आणि हाती घेतलेलं कार्य यथासांग पार पाडणारा. वसंत ऋतू म्हणजे देवधर्माचा, प्रवासाचा आणि परोपकाराचा काळ, असं त्यांचं ठाम मत होतं. पाडव्याला गुढी, तृतीयेला चैत्रगौर झोपाळ्यावर, नवमीला राममंदिरात सुंठवडा, पौर्णिमेला जीप करून कुलदैवताच्या डोंगरावर यात्रा, तिथं पायथ्याशी तीन दिवस यात्रेकरूंना ताक आणि खिचडी, आणि परत आल्यावर अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी दीडशे बायकांचं हळदीकुंकू. एवढं सगळं एका महिन्यात! ऐकणाऱ्यालाच दम लागावा.

दम लागत होता तो त्यांच्या सुनेला. तिचं नाव कुमुद. लग्नाला चार वर्षं झालेली. पहिल्या चैत्रात ती रीतीप्रमाणे माहेरी गेली होती, त्यानंतरचे तीन चैत्र काही ना काही निघालं आणि राहिलं. यंदा पाडव्यालाच तिच्या आईचं पत्र आलं. घाटाखालच्या गावी आई एकटी राहत होती. तिनं लिहिलं होतं, ‘अक्षय तृतीयेला सकाळीच घराला कुलूप लावून मी तुझ्या भावाकडे कायमची जाते आहे. घर विकायचं ठरलं. गौर बसवणार आहे. ती आहे तोवर येऊन जा, म्हणजे या घरात एकदा तुला बसलेली बघेन.’

कुमुदनं ते पत्र सासूबाईंच्या हाती दिलं. सासूबाई म्हणजे मथुराबाई. वाईट मनाच्या नव्हत्या हो! त्यांनी पत्र दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “जा गं, नक्की जा. एवढी रामनवमी होऊ दे.” रामनवमी झाली. “आता यात्रा तोंडावर आली, तुझ्यावाचून कोण आहे मला? यात्रा होऊ दे.” यात्राही झाली. डोंगरावर दर्शनाची रांग मोठी होती, चपला आणि पिशव्या सांभाळायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून कुमुद खालीच थांबली. परतल्यावर मथुराबाई म्हणाल्या, “आता हळदीकुंकू तेवढं होऊ दे.”

हळदीकुंकू अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी होतं. म्हणजे निघायचं तर ऐन तृतीयेला, आणि पोचायचं ते कुलूप लावलेल्या दारात. हे कुमुदनं मनात मोजलं होतं. आणि ती हरभरे भिजत घालायला उठली.

आता गंमत अशी, की इतकं सगळं पार पडूनही जनार्दनपंतांचं मन थाऱ्यावर नव्हतं. जपाला बसावं तर माळ हातात आणि जीव दुसरीकडेच. काहीतरी राहिलंय, काहीतरी चुकलंय, असं सारखं वाटे. काय ते मात्र कळेना. शेवटी ते नदीकाठच्या मठात गेले. तिथं नरहरबुवा राहत. पंतांनी त्यांचा अनुग्रह घेतला होता. ऐंशी उलटलेले बुवा बोलत कमी, हसत जास्त.

“बुवा, यंदा काही म्हणता काही कमी केलं नाही,” पंत म्हणाले, “तरी समाधान म्हणून नाही. मला तर काही सुचेनासं झालंय. कुठं चुकलो, ते सांगा.”

“घर बघायला लागेल,” बुवा म्हणाले आणि काठी घेऊन निघालेच.

घरी आल्यावर बुवांनी आधी गौरीचं दर्शन घेतलं. चार बोटांची पितळी मूर्ती, जरीचा खण, मोगऱ्याचा गजरा, छोटासा चकचकीत झोपाळा. समोर कलिंगडाची कमळं, करंज्या, कैऱ्यांचा घड. मथुराबाई कौतुकानं सांगू लागल्या, “माहेरवाशीण आहे ना ती, बुवा. महिनाभर आलीय. तिला जराही हलू देत नाही मी. नुसतं झुलायचं आणि खायचं.”

“छान, छान,” बुवा म्हणाले.

कुमुद पन्हं घेऊन आली. तिच्या बोटांना हळद होती आणि कपाळावर घामानं केस चिकटले होते. बुवांनी विचारलं, “बाळ, तुझं माहेर कुठलं?” कुमुदनं गावाचं नाव सांगितलं. “जाऊन आलीस?” “तीन चैत्र झाले, नाही,” ती म्हणाली. आणखी काही बोलायच्या आत मथुराबाई म्हणाल्या, “जायचंय की! यात्रेत ताक घुसळायला, चपला राखायला हीच तर होती. आता एवढं हळदीकुंकू होऊ दे.”

बुवांनी पन्हं संपवलं. भांडं खाली ठेवलं. मग उठून त्यांनी झोपाळ्यावरची गौर उचलली, गजरा काढला, आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन ती शेगडीशेजारी ओट्यावर ठेवली. एका बाजूला भिजलेल्या डाळीचं पातेलं सरकवलं, समोर पळी ठेवली.

“हळदीकुंकू होईपर्यंत हिला इथून हलवायचं नाही,” ते म्हणाले. “आणि डाळ, फोडणी, जे काय ते हिच्यासमोरच.”

आणि गेले! ना कारण, ना खुलासा.

घरात एकच गोंधळ उडाला. मथुराबाईंना वाटलं, सोवळ्यात काहीतरी चुकलं. त्यांनी तिसऱ्यांदा घर धुऊन काढलं. मुलाचं, म्हणजे कुमुदच्या नवऱ्याचं, म्हणणं पडलं, झोपाळ्याची दिशा चुकली असणार. तेव्हा बापलेकांनी मिळून रिकामा झोपाळा पूर्वेला फिरवला, मग उत्तरेला, मग पुन्हा होता तिथं आणला. पंतांना वाटलं, डोंगरावरचं अन्नदान तीन दिवसांऐवजी पाच दिवस करायला हवं होतं. शेजारच्या इंदूताई डोकावल्या, मोकळ्या झोपाळ्याकडे बघून हनुवटीला हात लावून म्हणाल्या, “अगं बाई! गौर कुठं गेली?” स्वयंपाकघरात आहे म्हटल्यावर त्यांनी डोळेच मोठे केले. “बुवांचं वय झालं हो आता,” असा निर्वाळा देऊन त्या गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत पेठेत ज्याच्या त्याच्या तोंडी हाच विषय. गुरूची आज्ञा मोडवत नाही आणि पाळवतही नाही, अशी पंतांची अवस्था झाली. रात्रंदिवस तोच प्रश्न, आणि जितका विचार करावा तितका तो अधिक गुंतत जाई.

इकडे स्वयंपाकघर काही थांबत नव्हतं. त्या घरात आंब्याची डाळ पाट्यावरच वाटत, मिक्सरची चालत नसे. हळदीकुंकवाच्या आधी घरच्यांसाठी आणि आल्यागेल्यासाठी रोज थोडी होतच होती. कुमुद वाटत होती, कैरी किसत होती, फोडणी देत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मोहरी तडतडली आणि तेलाचा एक थेंब उडून गौरीच्या गालावर बसला.

मथुराबाई पदरानं पुसायला धावल्या, तर पितळेवर पिवळट डाग पडलेला. खण धुरानं काळवंडला होता. त्यांना रडूच फुटलं. चपला पायात सरकवल्या आणि त्या तडक मठाकडे निघाल्या. पंत मागोमाग.

“बुवा, रागवायचं तर रागवा,” मथुराबाई दारातूनच म्हणाल्या, “पण हे मला बघवत नाही! अहो, लेकीची जात ती. वर्षातून एकदा माहेरी यायचं, चार दिवस पाय पसरून बसायचं, आणि आपण तिला फोडणीच्या धुरात उभी करायची? तिच्या आईला काय वाटत असेल? तिचं तोंड बघा कसं उतरलंय! असलं पाप कुठं फेडू मी?”

या वेळी बुवा हसले नाहीत.

“मथुराबाई,” ते म्हणाले, “मी एका गौरीला दोन दिवस उभं केलं. तुम्ही एकीला तीन चैत्र उभं केलंत.”

मथुराबाई तिथंच मठाच्या पायरीवर बसल्या.

पंतांना मात्र अजून नीट उमगलं नव्हतं. पुरुषमाणूस! ते म्हणाले, “पण बुवा, ती कधी एका शब्दानं बोलली नाही.”

“गौर तरी कुठं बोलते, पंत? तिला न विचारता तुम्ही झोपाळ्यावर बसवताच ना?” बुवा शांतपणे म्हणाले. “तुमची यात्रा खोटी नाही आणि अन्नदानही खोटं नाही. पण त्या तीन दिवसांचं ताक कुणी घुसळलं, आणि डोंगरापर्यंत जाऊन देव कुणाला दिसला नाही, हे आठवा. एक मुलगी आईकडे निघाली होती, आणि तुमचं पुण्य तिच्या वाटेत आडवं बसलं. तुमचं मन तेच सांगत होतं. तुम्ही ते देवघरात शोधत राहिलात, स्वयंपाकघरात पाहिलं नाही, एवढंच.”

पंतांनी हातातली माळ खिशात घातली.

घरी आल्यावर मथुराबाईंनी कुमुदच्या हातातला वरवंटा काढून घेतला. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच, “पिशवी भर. दुपारची एसटी आहे.” कुमुद गोंधळली.

“आणि आई, डाळ?”

“डाळ गेली खड्ड्यात! मी वाटेन. नाहीतर मिक्सर आहे. खातील बायका.”

तृतीयेला अजून दोन दिवस होते. मथुराबाईंनी सुनेची ओटी भरली आणि मगच गौर पुन्हा झोपाळ्यावर ठेवली. गालावरचा डाग जात नव्हता. त्यांनी तो घासलाही नाही.

पंत स्वतः सुनेला सोडायला गेले. घाट उतरून एसटी गावात पोचली तेव्हा उन्हं अजून रखरखीत होती. दारात कुमुदची आई उभी होती, मागं अर्ध्या बांधलेल्या सामानाची बोचकी, आणि कोपऱ्यात साध्या लाकडी झोपाळ्यावर तिची गौर. आईनं लेकीला जवळ घेतलं, आणि मग बायकांना जे हमखास विचारावं लागतं तेच तिनं व्याह्यांना भीतभीत विचारलं, “किती दिवस ठेवताय?”

पंतांच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. इतकी वर्षं ते तयारच असे. पण ते थांबले. कुमुदकडे वळून म्हणाले, “कुमुद, किती दिवस राहणार आहेस? तूच सांग.”

कुमुदला काही समजेना. असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती आईकडे बघे, सासऱ्यांकडे बघे, आणि बोटांवरची हळद चोळत राही. शेवटी ती म्हणाली, “बाबा, आधी जरा पडू का? मग सांगते.”

आणि ती आत जाऊन गौरीच्या झोपाळ्याशीच, गार फरशीवर, हाताची उशी करून झोपली. क्षणात गाढ. आई पंतांसाठी पन्हं करायला उठली, भांड्यांचा आवाज होईल म्हणून पंतांनी तिला खुणेनं थांबवलं. परतीची एसटी पाच वाजता होती. ती त्यांनी जाऊ दिली आणि ते ओसरीवर बसून राहिले, माळ खिशातच ठेवून.

तुमच्याकडेही हा चैत्र कुणाच्या तरी हातांनी साजरा झाला असेल. तिला एकदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.