शिळ्या पाण्याचा वसा

ऐक पाणदेवते, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, तिथं नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. बायका भारी सोवळ्या. नळ यायच्या दिवशी आधीचं साठवलेलं पाणी शिळं म्हणून पहाटेच मोरीत ओतायच्या, हंडे घासून पालथे घालायच्या, मग नळाची वाट बघायच्या. इथं कुणी तसं करत असेल तर नीट ऐका.

त्या नगरात भिवरा नावाची सून होती. तिनं वसा घेतला, पाणी ओतायचं नाही. तांदळाचं धुवण भाजीला, भांड्यांचं पाणी केळीला, पिण्याचं उरलं तर गाळून पुन्हा हंड्यात. पहिल्या खेपेला सासूनं गोडीनं सांगितलं, सूनबाई, शिळं ओत. भिवरानं ओतलं नाही. दुसऱ्या खेपेला सासूनं तिचं माहेर काढलं. भिवरानं ओतलं नाही. तिसऱ्या खेपेला सासू म्हणाली, "हंडे रिते कर, नाहीतर घर रितं कर." भिवरानं दोन भरले हंडे उचलले नि परसातल्या गोठ्यात संसार मांडला. नवरा दारात उभा राहून नुसता बघत राहिला. भिवराला त्याचा फार राग आला.

मग काय झालं? नळ आला नाही. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. घरोघरचे हंडे पालथे. गोठ्यात पाणी आहे हे सासूला ठाऊक, पण हाकललेल्या सुनेकडे मागावं कसं?

मग पाणदेवता म्हातारीच्या रूपानं निघाली. दारोदार पाणी मागितलं, कुणाकडे नव्हतं. शेवटी गोठ्याशी आली. भिवरा म्हणाली, "आजी, पाणी शिळं आहे. चालत असेल तर बसा, ताजं हवं तर पुढचं घर बघा." म्हातारी हसली, तांब्याभर प्यायली, खऱ्या रूपात उभी राहिली. म्हणाली, "तुझे हंडे कधी संपणार नाहीत, असा वर देते."

"तो वर नको. संपत नाही म्हटलं की मीसुद्धा ओतायला लागेन."

"मग काय देऊ?"

"सासूबाई तहानेल्या आहेत. त्यांना माझ्या दारी यायची बुद्धी द्या."

सासू आली. एक तांब्या प्यायली, दुसरा मागितला, मग घरी चल म्हणाली. भिवरा म्हणाली, "येते. पण आधी वसा घ्या." तिथंच शेणामातीत उभं राहून सोवळ्या सासूनं वसा घेतला. ओतणार नाही, सांडणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. भिवरानं एक हंडा सासूच्या डोक्यावर दिला, दुसरा आपण घेतला, आणि आळीदेखत दोघी घरात शिरल्या.

जशी भिवरा नमली नाही, तशा तुम्ही आम्ही नमू नये. जशी तिच्या घरची तहान भागली, तशी सगळ्यांची भागो. ही साठां घागरींची कहाणी पांचा तांब्यांत सुफळ संपूर्ण.