लाखेची लाल कळ

तळ्याकाठच्या एका गावात, चिताऱ्यांच्या आळीच्या अगदी टोकाला, अबोली नावाची एक मुलगी राहत होती. घर इतकं लहान की निजल्यावर पाय पसरले तर समोरच्या भिंतीला लागत. तिला आई नव्हती. बाबा होते, आणि बाबांचा एक जुना कॅमेरा होता.

बाबांचं नाव दामोदर, पण सगळे त्यांना दामू फोटोवाला म्हणत. तळ्याच्या बागेत फिरायला येणाऱ्यांचे ते फोटो काढत, आणि त्यावर दोघांची चूल पेटत असे. कॅमेरा बाबांहूनही वयाने मोठा होता. हात लागून लागून त्याच्या सगळ्या कळा झिजल्या होत्या. चकतीवरचे इवले इवले आकडे पुसट झाले होते. फोटो काढायचं बटण दाबलं की आतच रुतून बसे, आणि रीळ पुढे सरकवायची चावी मधूनच निसटे. बाबांना मात्र त्याच्या साऱ्या खोडी ठाऊक. बटण ते नखाने अलगद वर काढत, आणि चावी अशी फिरवत की जणू झोपलेल्या बाळाची कूस बदलतायत.

शेजारी भिकाजीकाका राहत. ते लाकडाची खेळणी करत: पोपटी पोपट, हळदी केळी, डाळिंबी रंगाचे टिकलीएवढे भोवरे. त्यांची खिडकी आणि अबोलीची खिडकी समोरासमोर होती. सकाळचा चहा त्याच खिडक्यांतून इकडून तिकडे जाई. एका संध्याकाळी कॅमेऱ्याची चावी फारच कुरकुरायला लागली, तेव्हा भिकाजीकाकांनीच तिच्यात तेलाचे दोन थेंब सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा बाजारात गेले होते. अंगणात मनीमाऊ उन्हात लोळत होती, आणि तिच्या मिशांवर ऊन नाचत होतं. अबोलीला वाटलं, हिचा एक फोटो काढावा. तिने कॅमेरा घेतला. चावी अडली. अबोलीने जोर लावला, आणखी जोर लावला, आणि आत कट्ट असं काहीतरी वाजलं. चावी दोन तुकडे होऊन तिच्या तळहातावर आली.

तिने ते तुकडे जागच्या जागी बसवले, कॅमेरा पेटीत ठेवला आणि पेटी लावून टाकली.

सकाळी बागेत एक नवं जोडपं फोटोसाठी हसत उभं राहिलं आणि बाबांच्या हातात चावीचे तुकडे आले. बाबा तसेच घरी परतले. परवा कॅमेऱ्याला हात लावला होता तो एकट्या भिकाजीकाकांनी, असं त्यांना वाटलं. ते भांडले नाहीत. खिडकीशी उभं राहून एवढंच म्हणाले, "भिकाजीदादा, यापुढे माझ्या वस्तूला हात लावू नका."

काकांनी तुटक्या चावीकडे पाहिलं. मग बाबांच्या खांद्यावरून दारात उभ्या असलेल्या अबोलीकडे पाहिलं. त्यांनी हळूच खिडकी लावून घेतली.

अबोलीच्या ओठांपर्यंत शब्द आले होते. ते तिने गिळले. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या आला, आणि तिने परवावर ढकललं.

शहरातल्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं की असले भाग आता कुणी बनवत नाही, आणि खास बनवून घ्यायचे तर इतका खर्च येईल की त्यात नवा कॅमेरा येईल. बाबा बाजारात पोती वाहू लागले. रात्री पेजेचं भांडं अबोलीपुढे सरकवून ते म्हणत, मी बाजारातच खाल्लं. अबोली पहाटे बागेत जाऊन सुरंगीची फुलं वेचायची आणि त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, करून विकायची. समोरची खिडकी बंदच राहिली. असे दोन महिने गेले.

एका सकाळी फुलं वेचताना तिला केवड्याच्या बनातून बारीक कण्हणं ऐकू आलं. तिने वाकून पाहिलं. काटेरी पानांमध्ये एक परी अडकली होती! करंगळीएवढी, इवलीशी. तिचे पंख कोवळ्या पालवीसारखे तांबूस होते, त्यांना सोनेरी किनार होती, आणि एक पंख काट्यात रुतला होता. अबोलीने हात आत घातला. काटे मनगटावर ओरखडत गेले, रक्ताचे लाल मणी उमटले, तरी तिने हात मागे घेतला नाही. पंख सोडवला, आणि फाटला होता तिथे झाडाच्या डिंकाचा थेंब लावून फुंकर घालत बसली.

परीने पंख हलवून पाहिला. बनात चंदेरी धूळ उडाली. तिच्या हातात गवताच्या काडीसारखी काडी होती आणि तिच्या टोकावर तीन चिमुकल्या ठिणग्या लुकलुकत होत्या.

"या तुझ्या तीन इच्छा," परी म्हणाली. "पण माझे तीन नियम आहेत, बाळ. गेलेला क्षण मला परत आणता येत नाही. इच्छेत खोटं मिसळलं तर ती विझते. आणि मी दिलेलं सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतच टिकतं."

अबोलीने नियमांकडे नीट लक्षच दिलं नाही, इतकी ती अधीर झाली होती. ती म्हणाली, "माझ्या बाबांचा कॅमेरा आपोआप मोडला. तो चांगला कर."

एक ठिणगी फुस्स करून विझली. परी तिच्याकडे नुसती बघत राहिली, रागाने नव्हे, वाईट वाटून. अबोलीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन महिने गिळलेलं सगळं तिने हुंदके देत सांगून टाकलं. आणि त्याच भरात म्हणाली, "मग तो दिवस परत आण. मी कॅमेऱ्याला हातही लावणार नाही."

दुसरी ठिणगी थरथरली आणि तीही विझली.

"गेलेला दिवस माझ्याकडेही नसतो, बाळ," परी हळूच म्हणाली. "ही शेवटची ठिणगी मी उद्या पहाटेपर्यंत जपून ठेवते. आता घाई करू नकोस."

अबोली तशीच भिकाजीकाकांच्या दारात गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत लाकूड कातायच्या चरकावर धूळ बसली होती. फळीवर अर्धे रंगवलेले पोपट ओळीने उभे होते. एकालाही चोच नव्हती. काका भिंतीला टेकून बसले होते. अबोली लख्ख उजेडात त्यांच्या समोर उभी होती, तरी त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

"काका, मी अबोली. ती चावी माझ्या हातून मोडली. तुमच्या नाही."

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "खिडकीतून दिसलं होतं."

"मग तुम्ही बाबांना का नाही सांगितलं?"

"ते तू सांगायचं होतंस." काकांनी चाचपून शेजारचा लाकडाचा एक ठोकळा उचलला. "तेव्हा मला थोडंफार दिसत होतं. तुझ्या बाबांसाठी चावी करायची म्हणून हे लाकूड काढून ठेवलं होतं. म्हटलं, पोर आज येईल, उद्या येईल. मग डोळ्यांपुढचं धुकं वाढत गेलं."

अबोलीला रडूही येईना. बाबा पोती टाकून घरी आले तेव्हा ती दारातच थांबली होती. तिने सगळं सांगितलं. बाबांनी डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली आणि एवढंच विचारलं, "दोन महिने?" अबोलीने मान हलवली. बाबा उंबऱ्यावर बसले. काकांना दिसेनासं झालंय, हेही त्यांना आत्ताच कळत होतं. हाकेच्या अंतरावर राहून त्यांनी एकदाही चौकशी केली नव्हती. मग ते उठले आणि शेजारी गेले. ते काय बोलले ते अबोलीला ऐकू आलं नाही. तिला दिसलं ते इतकंच, की काका बोटांनी बाबांचा चेहरा चाचपत होते आणि बाबांचे खांदे हलत होते.

पहाटे अबोली बागेकडे निघाली तेव्हा वाटभर विचार करत होती. आता तिला तिसरा नियम नीट आठवत होता. परीने कॅमेरा चांगला केला तर तो संध्याकाळी पुन्हा मोडेल. पण काकांना डोळे मिळाले, आणि त्यांनी आपल्या हातांनी चावी केली, तर ती चावी परीची नव्हे, काकांची. ती कशाला मावळेल? तिला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. वर्षानुवर्षं पाहिलेलं तळं, झाडं, माणसं सोडून काकांनी तो एकुलता एक दिवस चावीवर का घालवावा?

"भिकाजीकाकांना दिसू दे," ती परीला म्हणाली. "त्या दिवसाचं काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील."

"आणि एकच दिवस आहे, हे सांगशील त्यांना?"

"सांगेन."

तिसरी ठिणगी उडाली. तिचा केशरी, मग गुलाबी, मग सोनसळी उजेड तळ्यावरून सरसरत चिताऱ्यांच्या आळीकडे गेला.

अबोली पोचली तेव्हा काका अंगणात उभे होते आणि आपले तळहात उलटसुलट करून पाहत होते. तिने सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. ती म्हणाली, काका, चावी राहू दे, तुम्ही तळ्यावर चला. काकांनी उगवतीकडे पाहिलं, दिवस किती उरलाय याचा अंदाज घेतला आणि चरकावरची धूळ पुसायला लागले.

"दामूला बोलाव," ते म्हणाले. "चरकाची दोरी ओढायला माणूस लागेल."

बाबा दोरी ओढू लागले. चरक गरगर फिरला आणि लाकडाच्या ठोकळ्यातून छिलक्यांची पिवळी झालर सुटली. बोराएवढी चावी आकाराला आली. काकांनी तिच्या कडेला बारीक बारीक खाचा पाडल्या, म्हणजे बोट निसटू नये. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली, तशी ती उष्णतेने विरघळून चावीवर पसरली, जांभळी, चकचकीत. केवड्याच्या पानाने घासल्यावर ती इतकी लखलखली की अबोलीला तिच्यात आपलं नाक दिसलं. कॅमेऱ्यातल्या लोखंडी काडीवर काकांनी ऊन लाखेचा थेंब सोडला आणि चावी बसवली. लाख गार झाली आणि पकड घट्ट बसली. मग रुतणारं बटण निघालं आणि त्या जागी आलं गुंजेसारखं लालभडक नवं बटण. शेवटी चकतीवरच्या पुसट आकड्यांच्या खाचांमध्ये काकांनी सुईच्या टोकाने पांढरी लाख भरली. एकेक आकडा चांदणीसारखा उजळला. सगळ्या दुरुस्तीला लागला तो एक लाकडाचा तुकडा आणि खेळण्यांतून उरलेली लाख.

दिवस कलला. तिघं तळ्याकाठी गेले. पाण्यावर कुंकू सांडल्यासारखं झालं होतं. बाबा म्हणाले, दादा, पहिला फोटो तुमचा. काकांनी मान हलवली.

"मला काढू दे," ते म्हणाले. "तुम्ही दोघं तिथे उभे राहा."

बाबा आणि अबोली पाण्याच्या कडेला उभे राहिले. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. जांभळी चावी सुळकन फिरली. अबोलीला कॅमेऱ्यावर बसलेली परी दिसली, तांबूस पंख मिटून. सूर्याची शेवटची कोर पाण्याला टेकली आणि काकांनी लाल कळ दाबली.

परी अलगद उडाली. तिने काकांच्या एका पापणीला हात लावला, मग दुसऱ्या.

"अबोली," ती म्हणाली, "शेवटची इच्छा तू स्वतःसाठी मागितली नाहीस. म्हणून ही माझी स्वतःची भेट आहे, तिला नियम नाही. हे शेवटचं चित्र यांच्या डोळ्यांतून कधी पुसलं जाणार नाही."

तिच्या पंखांतून आधी दोन, मग शंभर, मग मोजता येणार नाहीत इतके कवडसे फुटले. तळं क्षणभर दिवसासारखं उजळलं. त्या उजेडातच परी विरून गेली, आणि काकांनी चाचपडत बाबांचा खांदा धरला.

पुढे बाबांचा धंदा पुन्हा सुरू झाला. ती जांभळी चावी पाहून गावोगावचे फोटोवाले आपले झिजलेले कॅमेरे घेऊन आळीत येऊ लागले. काका बोटांनी माप घेत आणि अबोली चरकावर बसे. ज्याला जेवढं जमेल तेवढं तो देई. दोन्ही घरांत रोज पोटभर भात शिजू लागला, आणि समोरासमोरच्या खिडक्या पुन्हा उघड्या राहू लागल्या.

एका दुपारी काम करता करता काकांनी विचारलं, "त्या फोटोत तुझे बाबा हसतायत. तू का नाही हसलीस गं?"

अबोलीचा हात थांबला. "मी गप्प राहिले ते दोन महिने मोजत होते, काका," ती म्हणाली.

काकांनी चाचपून तिचा हात शोधला आणि लाखेची लाल कांडी त्यात ठेवली.