खारवळ्याच्या क्रुसाचा दिवा

खाडीच्या तोंडाशी खारवळे नावाचं ख्रिस्ती कोळ्यांचं गाव होतं. तिथे बंदरावर एका झोपडीत मार्तीनबाबा राहत. बाबा घाटावरून आलेले, पण गावाची फाटकी जाळी सांधता सांधता ते गावाचेच होऊन गेले. कुणी प्रार्थना सांगायला आलं की बाबा म्हणत, "बस, हे टोक धर. हात चालू दे, मन देवापाशी ठेव." लोकांना वाटे, एवढ्या मोठ्या साधूनं काहीतरी अवघड सांगावं! पण बाबांपाशी दुसरं काही नव्हतंच.

गावामागच्या टेकाडावर दगडी क्रूस होता. त्याच्या कोनाड्यात रोज सांजेला दिवा लागे आणि त्या उजेडाच्या रोखानं होड्या खडक चुकवून खाडीत शिरत. दिव्याची पाळी आठवड्याआठवड्यानं घराघराला येई.

फिलोमेनबाय ही गावातली नावाजलेली भाविक. चर्चमध्ये पहिलं बाकडं तिचं, रोझरीत, म्हणजे माळेच्या एकेका मण्यागणिक म्हणायच्या प्रार्थनेत, चढा आवाज तिचा. तिची धाकटी जाऊ रेमेद विधवा होती. बांबूंना दोर बांधून केलेल्या वलांडीवर ती बोंबील वाळत घाली आणि त्यावर वर्ष काढी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरावर टाकायची आणि दर जोडीला पुटपुटायचं, "येशू, माजं ध्यान तुज्याकडं."

एकदा फिलोमेननं भरल्या बंदरावर तिची टर उडवली. "ऐकलं का गो, आमच्या रेमेदची बोंबलांची रोझरी! देवाला वास गेला तर नाक धरून पलंल तो!"

बायका खो खो हसल्या. रेमेदही कसनुसं हसली आणि खाली बघून पुढची जोडी अडकवू लागली. बाबा जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "नाक धरून पळणारा असता, तर येशू कोळ्यांच्या होडीत कशाला बसला असता, फिलोमेन?"

फिलोमेनला ते झोंबलं. पण झोंबलं म्हणजे कळलं, असं थोडंच असतं!

पुढे गावचा सण आला आणि त्याच आठवड्यात दिव्याची पाळी फिलोमेनच्या घरी आली. सणाच्या आदल्या सांजेला ती मांडवात हार घेऊन उभी होती. मातेच्या पुतळ्याला पहिला हार आपलाच पडला पाहिजे, म्हणून तिनं घसा फोडून भांडण मांडलं होतं. तेवढ्यात वारा फिरला, आभाळ अवेळी काळवंडलं आणि कुणीतरी ओरडलं, "सांतानची होडी अजून भायेरच हाय!"

सांतान तिचा नवरा. होडीत त्याच्याबरोबर थोरला लेकही होता. फिलोमेनच्या हातातला हार गळून पडला. दिवा लावलाच नव्हता! आजच नव्हे, पाळी आल्यापासून एकदाही नाही. सणाच्या आठवड्यात होड्या उजेडीच परततात, मग तेल कशाला जाळायचं, हा तिचा शहाणपणा.

ती धावत बंदरावर आली. "बाबा, मी घात केला! दिवा नाय लावला!"

बाबा रागावले नाहीत. जाळं बाजूला सारून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "प्रभू, हिचं ध्यान सुटलं. तुझं सुटू देऊ नकोस."

पावसाचे थेंब पडू लागले. फिलोमेननं वर पाहिलं, तर टेकाडावर दिवा जळत होता!

दोघं वर पोहोचली तेव्हा रेमेद कोनाड्यापुढे गुडघ्यांवर बसून पदरानं वारा अडवत होती. वलांडीवरून तिला क्रूस अंधारात दिसला होता. बोंबील अर्धे दोरावर टाकून ती धावत आली होती.

"तेल कुठचं गो?" फिलोमेननं विचारलं.

"बगितलं नाय, बाय. काडी लावली नि पेटला."

खाली होडी खाडीत वळली. माणसांचे आवाज ओळखू आले. फिलोमेन कोनाड्यात वाकली. पणती ठणठणीत कोरडी, तळाशी नुसती धूळ, आणि वात शांत जळत होती. होडी वाळूला लागली तशी वात आपोआप विझली. केवढी ही प्रभूची दया!

फिलोमेन बाबांच्या पायांवर कोसळली. बाबा मागे सरले. "माझे नकोत. तिचे धर."

चिखलानं आणि मासळीच्या खवल्यांनी माखलेले ते पाय फिलोमेननं दोन्ही हातांनी धरले आणि त्यांवर डोकं टेकलं. रेमेद बिचारी संकोचून गेली. "उठ गो बाय. माजा माल भिजतोय."

माल भिजलाच. सगळा कुजला. कोरडी वात जाळणाऱ्या देवानं ते बोंबील का राखले नाहीत, हे बाबांनी सांगितलं नाही. फिलोमेननं आपल्या घरची सुकी मासळी जावेला नेऊन दिली, तिनं ती हसून घेतली. पण बंदरावर बोललेलं मागे कसं घ्यायचं? ते शल्य फिलोमेनच्या काळजातून कधी गेलं नाही.

पुढे बाबा गेले, रेमेदही गेली. म्हातारी फिलोमेन एकटीच त्या वलांडीवर बोंबील घाली आणि दर जोडीला पुटपुटे, "येशू, माजं ध्यान तुज्याकडं." मधेच मन चळायचं. आपल्याला कोण बघतंय, इकडं डोळे जायचे. मग ती मान खाली घालून ती जोडी दोरावरून काढायची आणि पुन्हा अडकवायची.