चाखलेलं, पण उष्टं नसलेलं सूप

"कोंबडीचं सूप आधी कुणीतरी चाखलंच पाहिजे, नाहीतर त्यात विष असेल! आणि चाखलेलं सूप मी पिणार नाही, ते उष्टं!"

धारराव महाराजांना पडसं काय झालं, त्यांनी मुदपाकखान्यात हा असला हुकूम सोडला. आता मोठ्यांच्या घरचं आपण कशाला बोला! पण दिवसभर दरबारात येईल त्याचा पाणउतारा करायचा आणि जेवायला बसलं की वाटीत विष शोधायचं, अशी त्यांची तऱ्हा.

पहिल्या आचाऱ्यानं पळीभर चाखलं. "उष्टं केलंस!" झाली कोठडी. दुसऱ्या दिवशी शिदू आचाऱ्यानं थेंबालाही तोंड लावलं नाही. "चाखत नाहीस? म्हणजे विषच!" तोही कोठडीत.

शिदूची लेक गोजरा तडक महाराजांपुढे उभी राहिली.

"महाराज, सूप मी करते. चाखलेलं असेल आणि उष्टं नसेल. जमलं तर माझ्या बाबांना सोडा."

"आणि नाही जमलं तर?"

"मलाही त्यांच्याशेजारी कोंडा. तुमच्या मुदपाकखान्यापेक्षा तिथं जरा निवांत असेल!"

प्रधानजींना ठसका लागला. महाराजांनी त्यांनाच पहाऱ्याला बसवलं.

सकाळी गोजरानं एक कोंबडी आणली. आलं ठेचलं, मिरं कुटलं. त्यातलं चिमूटभर, थोडी हळद आणि मीठ तांदळाच्या कण्यांत कालवून तिच्यापुढे टाकलं.

"अगं पोरी, हे काय? पाहुणचार?" प्रधानजी म्हणाले.

"जाणाऱ्याला उपाशी पाठवू नये, प्रधानजी."

कोंबडीनं कण्या टिपल्या, घागरीतलं पाणी प्याली आणि उडून थेट प्रधानजींच्या पगडीवर बसली! दुपारपर्यंत अंगणभर मिरवली. मग गोजरानं ती कापली, कढत पाण्यात बुडवून पिसं उपटली, गवताच्या जाळावर फिरवून बारीक लव जाळली, धुऊन तुकडे केले. तेच आलं, तेच मिरं, तीच हळद, तेच मीठ, त्याच घागरीतलं पाणी! हाडांसकट मंद जाळावर शिजू दिलं. प्रधानजी झाकणावर डोळे लावून बसले होते. तोंडाला पाणी सुटलं होतं, पण हात लावायची सोय नव्हती, बिचारे!

संध्याकाळी वाफाळती वाटी महाराजांपुढे आली.

"चाखलं कुणी?"

"चाखणारीनं चाखलं, महाराज. पातेल्यात जे जे पडलं ते सगळं! आणि दुपारपर्यंत ठणठणीत होती. विचारा प्रधानजींना."

प्रधानजींनी पगडी चाचपत मान हलवली.

"कुठंय ती? हजर करा!"

"हजरच आहे. तुमच्या वाटीत!"

महाराजांनी वाटीत पाहिलं. सुपातून तंगडी वर आली होती.

"म्हणजे कोंबडीनं चाखलं? मग हे कोंबडीचं उष्टं झालं!"

"आख्खी कोंबडी पोटात घालायला चालते, महाराज, आणि तिच्या चोचीचा तेवढा विटाळ?"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. आता पोरीचं काय होतंय, म्हणून सगळा दरबार त्यांच्या तोंडाकडे बघू लागला. आणि महाराज असे खदखदून हसले, की चोंदलेलं नाक सूप पिण्याआधीच मोकळं झालं!

दोन्ही आचारी तिथल्या तिथं सुटले. गोजराला सोन्याचा गोफ मिळाला. आणि महाराजांनी वाटी बोटानं पुसूनपुसून चाटली, हे मला राणीसाहेबांच्या दासीनं स्वतः सांगितलंय!