मंत्र्यांचा बंगला सोनझरीत

हरित मोर्चाचा विधानसभेत एकच आमदार होता, वत्सलाताई दिघोरे. सोनझरी तलावावर जाळं टाकणाऱ्या ढिवरांनी त्यांना निवडून दिलं होतं. आज तोच तलाव बुजवून कारखान्यांना द्यायचा प्रस्ताव सभागृहात आला होता.

महसूलमंत्री विश्वासराव हंबर्डे ऐटीत उठले. "कसला तलाव? पडीक जमीन आहे ती! पावसाळ्यात डबकं साचतं, त्याला ताई तलाव म्हणतात. यांचा अख्खा पक्ष एका स्कूटरवर मावतो आणि म्हणे राज्याचा विकास अडवणार!"

सभागृह खदाखदा हसलं. वर गॅलरीत बसलेल्या ढिवरांचे चेहरे उतरले.

"ताई, दोन मिनिटांत आटपा. मग मतदान," अध्यक्ष म्हणाले.

वत्सलाताई उठल्या. त्या शांतपणे बोलल्या, "मंत्रिमहोदय म्हणतात तर जमीनच असेल. मी विरोध मागे घेते."

गॅलरीत कुणीतरी कपाळावर हात मारला.

"फक्त एक दुरुस्ती सुचवते. कारखान्यांआधी मंत्रिमहोदयांचा नवा बंगला तिथे बांधावा. अगदी मधोमध. आणि या उन्हाळ्यातच त्यांनी राहायला जावं."

हंबर्डे ताडकन उठले. "डोकं फिरलंय का तुमचं? भर उन्हाळ्यातही तिथे पुरुषभर पाणी असतं! मला काय बुडवून मारता?"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

"अध्यक्ष महोदय," वत्सलाताई म्हणाल्या, "माझं उरलेलं भाषण मंत्र्यांनीच केलं. मी खाली बसते."

या वेळी सत्ताधारी बाकंही हसली. अध्यक्षांनी मतदान थांबवलं आणि प्रस्ताव परत पाठवला. त्या उन्हाळ्यात सोनझरीत जाळी पडली.